गावाचं पाणी: भोगावतीकाठच्या नळपाणी योजनेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

करवीर तालुक्यातल्या भोगावतीकाठच्या एका गावात मी बरीच वर्षं पाणीपुरवठा समितीचं दप्तर सांभाळलं. वसुलीला घरोघर फिरलो आणि पुराच्या दिवसांत जॅकवेलवर, म्हणजे नदीकाठच्या उपसा विहिरीवर, रात्री जागून काढल्या. दर नव्या समितीकडून, सुट्टीला आलेल्या पोरांकडून आणि नव्यानं नांदायला आलेल्या सुनांकडून तेच तेच प्रश्न येतात. त्यांची उत्तरं इथं एकदा नीट लिहून ठेवतो आहे.

नळ येण्याआधी गाव पाणी कुठून प्यायचं?

नदीवरून आणि आडावरून. पहाटे घाटावर जाऊन बाया घागरी भरायच्या. ज्यांच्या दारात आड होता ते रहाटानं पाणी काढायचे. उन्हाळ्यात नदीची धार तुटली की वाळूत खड्डा करून पाझरलेलं पाणी वाटीनं भरायचं. माझी आई सांगायची, एक घागर भरायला अर्धा तास जायचा, आणि तेवढ्या वेळात मागं रांग उभी राहायची. पावसाळ्यात नदी लाल व्हायची. मग घागरीत तुरटी फिरवायची, गाळ तळाला बसला की वरचं पाणी फडक्यानं गाळून घ्यायचं. पटकी आणि गॅस्ट्रोच्या साथी याच महिन्यांत यायच्या.

पाणवठा सगळ्यांना एकच होता का?

नव्हता. गावाचा इतिहास सांगताना ही गोष्ट गाळली तर तो इतिहास खोटा ठरतो. दलित वस्तीचा पाणवठा वेगळा होता आणि तो बहुतेक गावांत खालच्या अंगाला होता. कोल्हापूर संस्थानात गंगाराम कांबळे नावाचे राजवाड्याच्या पागेतले नोकर होते. पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली. राजर्षी शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली, गंगारामांना शहरात हॉटेल काढायला पाठबळ दिलं आणि स्वतः तिथं जाऊन चहा घेतला. पुढं १९१९ मध्ये सार्वजनिक विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अशा ठिकाणी अस्पृश्यता पाळू नये असा हुकूम महाराजांनी काढला.

हुकूम निघाला म्हणून गावं लगेच बदलली नाहीत. पहिली नळकोंडाळी, म्हणजे गल्लीतले सार्वजनिक नळ, बसली तेव्हाही कोणतं कोंडाळं कुठल्या गल्लीत बसवायचं यावरून बैठका लांबल्या. घरोघर नळ आल्यावर एका कोंडाळ्यावर एकत्र उभं राहण्याचा प्रश्न उरला नाही, पण पाइपलाइनचं शेवटचं टोक कुठं जातं हा प्रश्न उरलाच. योजनेचा नकाशा हातात आला की मी आधी तेच टोक शोधतो.

राधानगरी धरणाचा आपल्या नळाशी काय संबंध?

सगळाच संबंध आहे. पंचगंगा म्हणजे कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि लोकांच्या श्रद्धेतली गुप्त सरस्वती. या नद्या पावसाळ्यात पात्र सोडून वाहतात. धरणं नव्हती तेव्हा फेब्रुवारी-मार्चमध्ये त्यांची डबकी व्हायची. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पडलेल्या दुष्काळांनंतर शाहू महाराजांनी १९०२ मध्ये संस्थानाचं पाटबंधारे धोरण ठरवलं आणि भोगावतीवर मोठं धरण बांधायला घेतलं. त्यासाठी वसवलेल्या गावाला आपल्या लेकीच्या नावावरून राधानगरी हे नाव दिलं. १९२२ मध्ये महाराज गेले तेव्हा काम अर्धवट होतं. पुढं राजाराम महाराजांनी ते हाती घेतलं आणि स्वातंत्र्यानंतर १९५० च्या दशकात धरण पूर्ण झालं. त्याची साठवण ८.३६ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे. पाण्याच्या दाबानं आपोआप उघडणारे त्याचे सात दरवाजे अजूनही जिल्ह्याच्या बातम्यांत असतात. पावसाळ्यात घराघरात रोज एकच चौकशी असते, "राधानगरीचे किती दरवाजे उघडले?"

त्यानंतर तुळशी, कुंभी, कासारी ही धरणं झाली, आणि दूधगंगेवर काळम्मावाडीचं सुमारे २५ टीएमसीचं मोठं धरण झालं. या साठ्यांतून सोडलेलं पाणी नदीच्याच पात्रातून खाली येतं. आपल्या भागात नदी हाच कालवा आहे. म्हणून आपली विहीर, जॅकवेल, शेतीचे पंप हे सगळं नदीच्या काठावर एका ओळीत उभं आहे.

बंधाऱ्याला 'कोल्हापूर पद्धतीचा' का म्हणतात?

ही रचना इथल्या नद्यांसाठी इथंच रुजली आणि मग राज्यभर गेली. सरकारी कागदांत ती 'के. टी. वेअर', म्हणजे 'कोल्हापूर टाइप' बंधारा, म्हणून येते. पात्रात दगडी किंवा काँक्रीटचे खांब आणि खांबांना उभ्या खाचा असतात. पावसाळा सरला की त्या खाचांत फळ्या, म्हणजे बरगे, बसवायचे आणि पाणी अडवायचं. पूर्वी लाकडी बरग्यांच्या दोन रांगा लावून मध्ये माती ठासायचे. आता बहुतेक ठिकाणी लोखंडी बरगे आहेत. जूनच्या आत बरगे काढायचे, म्हणजे पुराचं पाणी खांबांमधून मोकळं जातं आणि गाळही वाहून जातो.

यात सगळी मदार वेळेवर आहे. बरगे लवकर घातले आणि परतीचा पाऊस झोडपून गेला तर काठाची मळी, म्हणजे गाळाची जमीन, बुडते. उशिरा घातले तर धरणातून सोडलेलं पाणी निघून जातं. बरगे गळके असले तर वरच्या गावाचं पाणी रात्रीत खालच्या गावाला जातं आणि सकाळी भांडण उभं राहतं. बरगे घालायच्या दिवशी समितीचा एक माणूस तिथं असायलाच हवा, असं माझं स्पष्ट मत आहे. पाटबंधाऱ्याचे लोक आपलं काम करतात, पण गळती कुठं आहे हे त्या बंधाऱ्यावरून रोज ये-जा करणाऱ्याला जास्त ठाऊक असतं.

उसाला पाणी आधी आलं आणि पिण्याची योजना नंतर. हे असं का?

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

बंधाऱ्यात बारमाही पाणी थांबायला लागलं तसं शेतकऱ्यांनी काठावर आधी ऑइल इंजिनं ठेवली आणि वीज आल्यावर मोटारी बसवल्या. एकट्याला हा खर्च झेपणारा नव्हता. माळावरची जमीन नदीपासून दोन-तीन किलोमीटर लांब आणि उंचावर. मग पन्नास-शंभर खातेदार एकत्र आले, भागभांडवल गोळा केलं, बँकेचं कर्ज काढलं आणि सहकारी पाणीपुरवठा संस्था नोंदवल्या. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यानं त्यांना चौकट मिळाली. आज काठाच्या बहुतेक गावांत अशी एक तरी संस्था आहे, काही गावांत चार-पाच आहेत. शेतीपंपाच्या वीजदरासाठी प्रा. एन. डी. पाटील यांच्या नेतृत्वाखाली इरिगेशन फेडरेशन या पाणी संस्थांच्या संघटनेनं काढलेले मोर्चे मोठे झाले, कारण त्यांच्यामागं याच संस्थांचे सभासद होते.

या संस्थांनी गावाला बरंच शिकवलं. पाण्याचा फेर कसा लावायचा, कुणाची पाळी रात्रीची, मोटार जळली तर वर्गणी कशी बसवायची, ताळेबंद वार्षिक सभेत कसा वाचायचा. पिण्याच्या पाण्याची पहिली समिती बसली तेव्हा त्यातले निम्मे लोक शेतीच्या संस्थेतूनच आले होते. पाइप कुठल्या व्यासाचा हवा हे सांगायला आम्हाला बाहेरचा माणूस लागला नाही.

पण एक गोष्ट त्या संस्थेतून या योजनेत उतरली नाही, ती म्हणजे वसुली. उसाच्या पाण्याचे पैसे साखर कारखान्याकडून येणाऱ्या ऊसबिलातूनच कापून घेता येतात. ऊस गेला, बिल झालं, पाणीपट्टी वळती झाली. पिण्याच्या पाण्याला असं कापून घ्यायला बिलच नाही. त्यासाठी दारात जाऊन मागावं लागतं. जो शेतकरी उसाच्या पाण्याचे हजारो रुपये विनातक्रार भरतो, तोच घरच्या नळाची वर्षाची पट्टी दोन-दोन वर्षं ठेवतो. तो वाईट माणूस नाही. त्याच्या हिशेबात घरचं पाणी कधी खर्चाच्या बाजूला लिहिलंच गेलं नाही, कारण ते आणायचा खर्च आईच्या आणि बायकोच्या डोक्यावरून येत होता.

सरकारी योजना कधी आणि कशा आल्या?

१९७२ च्या दुष्काळानंतर गावोगाव बोअर पाडून हापसे बसले. मग विहीर, पंप, उंच टाकी आणि नळकोंडाळी अशा योजना आल्या. त्या बांधणारी यंत्रणा आज महाराष्ट्र जीवन प्राधिकरण म्हणून ओळखली जाते, आणि लहान योजना जिल्हा परिषदेकडं असतात. पंचायतींना अधिकार देणाऱ्या ७३ व्या घटनादुरुस्तीनंतर पाणी हा ग्रामपंचायतीचा विषय झाला. २००२ च्या स्वजलधारा योजनेत आणि जागतिक बँकेच्या मदतीच्या जलस्वराज्य प्रकल्पात लोकवर्गणीची अट आली. खर्चाचा काही हिस्सा गावानं उभा केल्याशिवाय कामच सुरू होणार नव्हतं. १५ ऑगस्ट २०१९ ला जलजीवन मिशन जाहीर झालं आणि घरोघर नळ, माणशी रोज किमान ५५ लिटर हे माप ठरलं. जुन्या योजनांचं माप ४० लिटरचं होतं.

लोकवर्गणीबद्दल एक सांगतो. आमच्या गावात ज्या गल्लीनं पूर्ण वर्गणी दिली त्या गल्लीत पाइप फुटला तर फोन पाच मिनिटांत येतो. जिथं ठेकेदारानंच वर्गणी भरून टाकली, तिथं पाणी दोन दिवस रस्त्यावर वाहतं.

५५ लिटर पुरतात का?

माणसांना पुरतात, गोठ्याला पुरत नाहीत. आपल्याकडं दारात म्हैस असतेच, आणि दुभती म्हैस दिवसाला ५०-६० लिटर पाणी सहज पिते. शिवाय तिला धुवायला लागतं ते वेगळं. दोन म्हशींचा गोठा म्हणजे दोन माणसं वाढली असं धरून चाला. डेअरीचं दूध ज्या गावातून दोन वेळा जातं तिथं योजनेचा हिशेब फक्त जनगणनेवर केला की तो चुकतो. जनावरांना जुन्या आडाचं, विहिरीचं पाणी द्या. त्यासाठीच जुने आड बुजवू नका असं मी सारखं म्हणतो.

गावाला रोज किती पाणी आणि किती वीज लागते?

३,००० वस्तीचं गाव धरू. माणशी ५५ लिटरप्रमाणं रोज १ लाख ६५ हजार लिटर झाले. नदीपासून टाकीपर्यंतचा चढ आणि पाइपातलं घर्षण मिळून ६० मीटर धरा, आठ तास उपसा धरा. पंप बरा असेल तर साधारण ८ अश्वशक्तीची मोटार लागते आणि रोज ५० युनिटच्या आसपास वीज जाते. महिन्याला १,५०० युनिट. घरं ६०० असली तर घरटी अडीच युनिट.

महिन्याला अडीच युनिट विजेवर एका घराचं पाणी नदीवरून टाकीत चढतं! वीजबिल भरलं नाही म्हणून कनेक्शन तुटलेल्या योजनेपुढं उभं राहिलं की मला हाच आकडा आठवतो. विजेखेरीज पाणी सोडणाऱ्या माणसाचा पगार, टीसीएल (पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर), दुरुस्ती आणि चार-पाच वर्षांनी मोटार भरून घ्यायचा, म्हणजे तिची तार नव्यानं गुंडाळायचा, खर्च असतो. पट्टी बसवताना हा शेवटचा खर्च हमखास विसरला जातो.

आमच्या शेवटच्या घराला पाणी का येत नाही?

पहिलं कारण दाब. टाकीतल्या पाण्याच्या पातळीपेक्षा तुमचा नळ दहा मीटर खाली असेल तर चौरस सेंटिमीटरला एक किलोचा दाब मिळायला हवा. पण वाटेत प्रत्येक जोडणी, प्रत्येक वाकण आणि प्रत्येक गळती तो खाते. दुसरं कारण जास्त दुखावणारं आहे. वरच्या घरांनी थेट लाइनला लावलेली मोटार. एकानं लावली की शेजारी लावतो, आणि शेवटच्या घराच्या नळातून नुसती हवा येते. त्यातून दुसरा धोका होतो. लाइनमध्ये ओढ निर्माण झाली की गळतीच्या जागेतून गटाराचं पाणी आत खेचलं जातं. पाणी तिथून थेट तुमच्या हंड्यात.

यावर आमच्याकडं चाललेला उपाय म्हणजे गावाचे भाग पाडून वेगवेगळ्या वेळी व्हॉल्व्ह सोडणं आणि प्रत्येक नळाला मीटर. मीटरला आधी खूप विरोध झाला. मोटारी मात्र मीटर बसल्यावर बऱ्याच कमी झाल्या, कारण ओढलेल्या पाण्याचे पैसे द्यावे लागले.

पाण्याला औषधाचा वास येतो. टीसीएल कमी टाकता येईल का?

वास येतो तेव्हा पाणी सुरक्षित आहे असं समजा. चांगल्या प्रतीची ब्लीचिंग पावडर १,००० लिटरला साधारण अडीच ग्रॅम लागते. वरच्या हिशेबातल्या गावाला रोज चारशे ग्रॅमच्या आसपास. पाणी गढूळ असेल तर जास्त. पावडर बादलीत कालवून, निवळी टाकीत सोडायची आणि किमान अर्धा तास, शक्यतो तासभर थांबून मग पाणी सोडायचं. शेवटच्या घरच्या नळाला लिटरमागं ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलं पाहिजे. ओटी चाचणीत, म्हणजे औषधाचे थेंब टाकून क्लोरीन तपासताना, पाणी पिवळसर झालं की ते आहे. पावडरीचं पोतं उघडं किंवा दमट जागी ठेवलं की तिची ताकद जाते, मग कितीही टाका.

पाणी किती सुरक्षित आहे यावरून ग्रामपंचायतीला मिळणारं हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड याच कामावर ठरतं. तुमच्या गावाचं कार्ड कुठल्या रंगाचं आहे हे विचारा.

गगनबावड्याला एवढा पाऊस, मग डोंगरातल्या वाड्या एप्रिलमध्ये कोरड्या का?

पडलेलं पाणी तिथं थांबत नाही. गगनबावडा, शाहूवाडी, भुदरगड, आजरा, चंदगड या भागांत माथ्यावर जांभ्याचं पठार आणि खाली काळा कातळ असतो. जांभा पाणी पितो आणि कड्याच्या पोटातून झऱ्याच्या रूपानं हळूहळू सोडतो. गगनबावड्यात वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पण तो चार महिन्यांत पडून कोकणाकडं आणि नद्यांत निघून जातो. झरे फेब्रुवारीनंतर बारीक होतात.

तिथल्या धनगरवाड्यांना मोटारीची योजना परवडत नाही. त्यांना झऱ्याचीच योजना शोभते. झऱ्याच्या तोंडाशी छोटी झाकलेली टाकी, तिथून उतारानं पाइप, खाली वाडीत साठवण टाकी. विजेचं बिलच नाही. मात्र वरच्या पठारावर चर, खाणी किंवा बेसुमार तोड झाली की झरा मरतो. या वाड्या लहान, मतं कमी, रस्ता अवघड. म्हणून त्या यादीत शेवटी येतात, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पुरात चहूकडं पाणी असतं, मग टँकर का लागतो?

जॅकवेल आणि मोटार बुडते, ट्रान्सफॉर्मर बंद करावा लागतो आणि नदीचं पाणी शुद्ध करता येणार नाही इतकं गढूळ असतं. कोल्हापूरजवळ पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या पुढं गेलं. शहराचेही उपसा पंप बुडाले आणि लोक पाण्यात उभे राहून पिण्याच्या पाण्याची वाट बघत होते.

आमचा नेम असा: तिथली पातळी ३५ फुटांवर आली आणि पाऊस थांबायची चिन्हं नसली की मोटार वर काढायची, पॅनेल खोलून गावात आणायचं आणि टाकी पूर्ण भरून व्हॉल्व्ह बंद करायचा. ते भरलेलं पाणी फक्त पिण्यासाठी, रोज अर्धा तास. एका वर्षी "अजून दोन फूट आहे" म्हणत आम्ही थांबलो आणि मोटार गेली. पूर ओसरल्यावर विहीर पूर्ण उपसायची, गाळ काढायचा, टीसीएलचा जादा डोस द्यायचा, पाइपलाइन धुवून काढायची आणि नमुना तपासून आल्याशिवाय पिण्यासाठी पाणी सोडायचं नाही.

उन्हाळ्यात उपसाबंदी का लावतात?

उपसाबंदी म्हणजे शेतीसाठी नदीतून पाणी उपसायला बंदी. धरणातलं पाणी जूनपर्यंत पुरवायचं असतं आणि पिण्याला पहिला हक्क आहे. एक एकर उसाला एका पाळीत तीन इंच पाणी दिलं तर जवळपास ३ लाख लिटर लागतात. म्हणजे ३,००० वस्तीच्या गावाचं जवळपास दोन दिवसांचं पाणी. ऊस वाळताना बघणं सोपं नसतं, मीही शेतकरीच आहे. पण बंदीच्या काळात चोरून मोटार चालू करणाऱ्याला आमच्या समितीनं कधी पाठीशी घातलं नाही. ठिबक केलेल्या सभासदांना बंदीचा फटका कमी बसतो, हे गेल्या काही उन्हाळ्यांत सगळ्यांनी पाहिलंय.

खालच्या गावांचं पाणी वेगळं का?

आपण वर आहोत म्हणून आपलं पाणी बरं आहे. शहरांचं सांडपाणी आणि कारखान्यांचं पाणी घेऊन पंचगंगा शिरोळ तालुक्यात नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली. तिथल्या लोकांनी दुसऱ्या नदीचं पाणी मागितलं. आधी वारणेचं, मग दूधगंगेवर सुळकूडहून. दोन्ही वेळा त्या नद्यांच्या काठच्या गावांनी विरोध केला. दोघांचीही भीती खरी आहे. पण वादाचं मूळ पंचगंगेच्या घाणीत आहे. गोठ्याचं आणि गटाराचं पाणी ओढ्यातून नदीला सोडणारं आपलं गावही त्यात आलं.

समितीत यायचं असेल तर काय करावं लागतं?

ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समिती ग्रामसभेतून निवडली जाते आणि निम्म्या सभासद महिला असाव्या लागतात. या महिला नुसत्या सहीपुरत्या नसाव्यात, कारण नळाला पाणी किती वाजता आलं आणि किती वेळ टिकलं हे त्यांनाच ठाऊक असतं. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर यांपैकी कुठल्याही ग्रामसभेला या. उभं राहून योजनेचा जमाखर्च वाचून दाखवायला सांगा, आणि वाचून झाला की तुमचं नाव सुचवायला शेजारणीला सांगून ठेवा. दप्तर पंचायतीच्या कपाटात आहे. विहिरीचा जुना नकाशा, व्हॉल्व्हच्या जागांची वही आणि मोटार भरून घेतल्याच्या पावत्या त्याच कपाटात एका पिशवीत बांधून ठेवल्या आहेत.